आमच्या पथकाची कोळंबखेड पाहणी

यवतमाळला शनिवार-रविवारसाठी दोन खोल्या मिळत नाहीत, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. एरवी तिथल्या लॉजवाल्यांची तऱ्हा अशी, की रस्त्यानं जाणारा माणूस चपलेतला खडा काढायला थांबला तरी त्याची पिशवी उचलून आत न्यायचे. पण ती वर्षं कापसाची होती. म्हणजे कापूस पिकवणारे सोडून बाकी सगळ्यांची होती. कापसाचं काय बिनसलं ते पाहायला दिल्लीहून माणसं येत होती, मुंबईहून येत होती, एकदा तर परदेशातूनही आली म्हणतात. कोणी समिती, कोणी पथक, कोणी अभ्यासगट, आणि कोणीच नसेल तो कॅमेरा. शेतात बोंडं धरली नाहीत, पण लॉजेस मात्र टच्च भरली होती.

मी काही कापसातला माणूस नाही. देवाची वात आणि अंगाखालची गादी यांपलीकडे आमच्या घराण्याचा कापसाशी संबंध आलेला नाही. मी चंद्रशेखर दाणी, दारव्ह्याच्या एका शाळेत पर्यवेक्षक. पर्यवेक्षक म्हणजे मुख्याध्यापकांच्या खाली आणि शिक्षकांच्या वर, म्हणजे जात्यात दाण्याची जी जागा असते ती. आडनाव देवानं बघूनच दिलं असावं.

तर झालं असं, की एका संध्याकाळी नागपूरहून नेमसिंगचा फोन आला. नेमसिंग राठोड हा माझा कॉलेजातला मित्र. दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातून डोक्यावर ट्रंक घेऊन यवतमाळला शिकायला आलेला, आणि आता एका रंगाच्या कंपनीत मोठ्या पगारावर.

"अबे चंद्या," तो म्हणाला, "भेटू नं बे एकदा. आपले चौघं. यवतमाळले. दोन दिवस नुसत्या गोष्टी करू."

चौघं म्हणजे प्रयोगशाळेत एका टेबलावर हात भाजून घेणारे आम्ही चार जण. मी, नेमसिंग, पुरुषोत्तम बेलसरे आणि अनघा. पुरुषोत्तम पुण्यात दातांचा डॉक्टर आहे. अनघा ठाण्याला कर खात्यात अधिकारी. कॉलेज सुटल्यापासून आम्ही फक्त लग्नाच्या पंगतीत भेटलो होतो आणि तिथं माणूस बोलत नाही, जिलबी संपायच्या आत पोचायच्या धडपडीत असतो. मी ताबडतोब हो म्हणालो आणि खोल्यांची जबाबदारीही अंगावर घेतली. जिल्ह्यात राहणारा मी एकटाच. माझ्याच जिल्ह्यात मला दोन खोल्या मिळू नयेत?

सात लॉजनी मला नाही म्हटलं. आठव्यानं तर "कोणत्या चॅनेलचे?" असं विचारून, मी शाळेचं नाव सांगताच फोन ठेवला.

"दारव्ह्याला आपल्याच घरी बोलवा नं सगळ्यांना," माझी बायको रजनी म्हणाली. सूचना प्रेमाची होती, पण नळाला चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात पुण्याचा दंतवैद्य कसा ठेवायचा? शिवाय, हे मी तिला बोललो नाही, पण मला दोन दिवस घरापासून लांब जायचं होतं. वर्षाचे बेचाळीस आठवडे पर्यवेक्षण करणाऱ्या माणसाला तेवढा अधिकार असतो.

बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या नंदाबाईंनी सुचवलं, की यवतमाळात एखादं मंगल कार्यालय घ्या, सध्या लग्नतिथी नाहीत. दोन दिवसांच्या गप्पांसाठी सहाशे पानांचा हॉल! शेजारचे देवीलालजी, कापडाचे व्यापारी, यांनी मात्र अंगणात खुर्ची मागून घेतली. अंगणात खुर्ची मागितली की सल्ला लांबणार, हे आम्हाला माहीत आहे.

"मास्टरजी, लॉज के पीछे कायले लागता? सरकारी विश्रामगृह घ्या. झकास खोल्या, गरम पाणी, खानसामा. फक्त फोन ऐसा करना, की जसं काही तुमचा हक्कच आहे."

मी तसा फोन केला. विश्रामगृह कोणत्या खात्याचं ते सांगत नाही. मला अजून नोकरी करायची आहे. पलीकडच्या बाबूंनी नाव लिहून घेतलं, माणसं विचारली आणि म्हणाले, "प्रयोजन?"

"जुने मित्र भेटणार आहोत."

"असं प्रयोजन नसते साहेब. पाहणी, तपासणी, बैठक, दौरा. याच्यातलं सांगा. लवकर सांगा, दुसरा फोन वाजून राह्यला."

मी सत्यवादी माणूस आहे. बैठक म्हणावी तर विषय नव्हता. तपासणी म्हणावी तर परीक्षा नव्हती. पण आम्ही कॉलेज पाहणार होतो, नेमसिंगची जुनी खोली पाहणार होतो, मिरची भज्यांची ती गाडी अजून आहे का तेही पाहणार होतो.

"पाहणी," मी म्हणालो.

"चार सदस्य, पाहणी. मिळाल्या खोल्या," बाबू म्हणाले आणि मी फोन ठेवून रजनीकडे असं पाहिलं, की जसा काही मी जिल्हा जिंकून आलो.

शनिवारी सकाळी मी आणि 'मीही येते' म्हणालेली रजनी जीपमध्ये कोंबून घेऊन यवतमाळला उतरलो. बाकीचे तिघं धामणगावला रेल्वेनं येऊन तिथून गाडी करून आधीच पोचले होते आणि विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर उभे होते. त्यांच्या गळ्यात हार होते.

प्रथम मला वाटलं, नेमसिंगचा चावटपणा. मग दोन पांढऱ्या गाड्या दिसल्या, गाड्यांपुढे हातात फाइल घेतलेली पाच-सहा माणसं दिसली आणि त्यांतले सफारीतले एक साहेब हार घेऊन माझ्याकडे धावत आले.

"दाणी साहेब? या, या. आम्ही सकाळपासून वाट पाहून राह्यलो. समन्वयासाठी माझी नेमणूक आहे." आणि हार माझ्या गळ्यात पडला. रजनीसाठी हार नव्हता. तिला एक गुलाब मिळाला.

माझ्या ध्यानात सगळं लख्ख आलं. पाहणी, चार सदस्य. त्या आठवड्यात म्हणे तीन पथकं येऊन गेली होती. चौथं आलं यात कोणाला नवल वाटलं नाही. कुठून आलात, हे विचारणं तर उद्धटपणाच. त्यातून अनघा! हातमागाची करड्या रंगाची साडी, कापलेले पांढरे केस, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा. देवानं समितीच्या अध्यक्षा करायच्या म्हणूनच घडवलेली बाई. समन्वय साहेब तिच्यासमोर कमरेत वाकूनच बोलत होते.

"अहो, यात काहीतरी घोटाळा आहे," मी धीर करून म्हणालो.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "घोटाळा आमच्या खात्यात नाही साहेब. शेजारच्या खात्यात आहे. पाहिजे तर दाखवतो."

"तसं नाही. आम्ही खासगी..."

"हो हो, खासगी पथकंही आली होती. त्यांनाही हेच गाव दाखवलं. तुमच्या खोल्यांसाठी एका कॅमेरावाल्यांना मंगल कार्यालयात हलवलं आहे साहेब, काही कमी पडू देणार नाही."

पुरुषोत्तमानं मला बाजूला ओढलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "चंदू, तोतयेगिरी आहे ही. याला कलम असतं."

"आपण कुठं म्हटलं, आपण समिती आहो?" नेमसिंग म्हणाला. तो हारातला निशिगंध हुंगत होता. "ते म्हणून राह्यले. गाडी देऊन राह्यले, नाश्ता देऊन राह्यले. चाल नं बे, गाव पाहू. किती दिवस झाले मी शेत पाह्यलं नाही."

अनघा म्हणाली, "खरं सांगून टाकू या." हे बरोबर होतं. पण खरं सांगायचं कोणी? खोल्या माझ्या नावावर होत्या. मुख्याध्यापकांच्या कानावर 'पर्यवेक्षक दाणी यांनी सरकारास फसवले' असं गेलं असतं, तर ती खुर्ची माझ्या हयातीत मला मिळाली नसती. गावातून आल्यावर निवांत सांगू, असं मी म्हणालो. निवांत सांगायच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत, हा अनुभव मला आहे, तरीही म्हणालो.

गाड्या निघाल्या. चार सदस्य पहिल्या गाडीत, रजनी मागच्या गाडीत फाइलींबरोबर. पहिल्या वळणालाच मी खिडकीबाहेर डोकावलो. आम्ही दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो होतो.

"दारव्हा तालुक्यातलं कोळंबखेड," समन्वय साहेब पुढच्या सीटवरून म्हणाले. "पाहणीसाठी फार सोयीचं गाव आहे. रस्त्याला लागून."

माझ्या शाळेत कोळंबखेडची वीसेक पोरं होती.

गाव खरोखरच सोयीचं होतं. शाळेपुढे मंडप होता, आणि तो दर वेळी काढायचा-घालायचा त्रास नको म्हणून कायमचाच ठेवला होता. मंडपाला लागून पाहणीचं शेत. त्यात पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, लालसर, वाळकी, कमरेएवढी उभी होती. मंडपात माणसं बसलेली होती, पण कोणी घाईनं उठलं नाही की गलका केला नाही. नाटकाच्या पन्नासाव्या प्रयोगाला नट जसे शांत असतात तशी सगळी शांत होती.

सरपंच रामराव नारळ घेऊन पुढे आले आणि माझ्यापाशी येऊन थबकले. त्यांच्या मुलाला, नयनला, मी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यासाठी ते शाळेतही येऊन गेले होते.

"दाणी सर?" ते हळूच म्हणाले. "तुमी?"

मी नारळाकडे पाहिलं. दुसरीकडे कुठे पाहण्यासारखं नव्हतं.

रामरावांनी समन्वय साहेबांकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "या साहेब, बसा."

पाहणी सुरू झाली. इंदूबाई नावाच्या एका बाईंना पुढे आणण्यात आलं. पाच एकर एकटीनं करतात, असं साहेबांनी सांगितलं. पन्नाशीच्या, सडसडीत. त्यांनी पदर खोचला आणि अनघाला विचारलं, "छोटं सांगू का मोठं?"

"म्हणजे?"

"टीव्हीवाल्यायले छोटं लागते. समितीले मोठं. त्या विलायती बाया आलत्या, त्यायले मधातलं सांगतलं. तुमाले कोनतं पाह्यजे?"

अनघाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायचं नसेल तर नका सांगू."

मंडपात चुळबुळ झाली. असं उत्तर कोणत्याच पथकानं दिलेलं नव्हतं. इंदूबाई गोंधळल्या आणि खाली बसल्या. समन्वय साहेब घाबरले आणि पुरुषोत्तमाकडे वळून म्हणाले, "डॉक्टर साहेब, आपण काही विचारा."

पुरुषोत्तम उठून उभा राहिला. वीस वर्षांत त्यानं माणसांना एकच प्रश्न विचारला होता, आणि भीतीनं तोच त्याच्या तोंडून निघाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापुढे वाकून तो म्हणाला, "आ करा."

म्हाताऱ्यानं आ केला. शेजाऱ्यानंही केला. पाहता पाहता मंडपातली पहिली रांग तोंड उघडून बसली आणि पुरुषोत्तम, एकदाचं काम मिळाल्याच्या आनंदात, खिशातला छोटा टॉर्च काढून एकेकाच्या तोंडात पाहू लागला. मागे फाइलवाले कुजबुजले. आजवर पथकांनी माती पाहिली होती, विहिरी पाहिल्या होत्या, बँकेची पुस्तकं पाहिली होती. दात कोणी पाहिले नव्हते.

"फार खोल पद्धत आहे," समन्वय साहेब मला म्हणाले.

"अक्कलदाढेपर्यंत जाते," मी म्हणालो. काय म्हणणार?

हा गोंधळ चालू असताना रजनी कुठे होती? ती मागच्या गाडीतून उतरली, तिला कोणी विचारलं नाही, बसायला खुर्ची नव्हती, म्हणून ती खाली बसलेल्या इंदूबाईंना घेऊन सरळ त्यांच्या घराकडे पाणी प्यायला गेली. तासाभरानं ती आली ती ओटीत तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन, आणि रागानं लाल होऊन.

"अहो," ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "यांची डीपी जळलीय. महिना झाला. विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, वीजच नाही. पराटी गेली ती गेली, पण मागच्या वावरात हरभरा फुलावर आलाय तो वाळतोय. आणि तुम्ही दात काय बघताय?"

डीपी म्हणजे खांबावरची ती विजेची पेटी, जिच्यावर आसपासची सगळी शेतं चालतात. ती जळली की आठ दिवसांत बदलून देणार, असं वीजवाले सांगतात. कोणते आठ, हे सांगत नाहीत.

"हे खरं आहे?" अनघानं समन्वय साहेबांना विचारलं.

"तो विषय आपल्या पाहणीच्या कक्षेत नाही मॅडम. तरी नोंद घेतो."

"नोंद नको. फोन घ्या."

कर खात्यात तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं. तो आवाज ऐकून मी स्वतः खिशात फोन शोधू लागलो, आणि माझ्याकडे फोन नव्हता. समन्वय साहेबांनी तिथंच उभं राहून वीज कंपनीच्या कोण्या साहेबांना लावला. "हो, मुख्य समिती. मॅडम समोरच आहेत. नाही, टीव्हीची नाही, दातांची. फार कडक आहेत."

परत निघताना रामरावांनी मला गोठ्याआड घेतलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. हात जोडले. आता हे चिडतील, गावाला सांगतील, सोमवारी शाळेवर मोर्चा येईल, असं मला वाटत होतं.

रामराव खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून हसत होते. "म्हंजे खोटी हाये समिती?"

"मुळीच समिती नाही."

"मंग कायले घाबरता सर? खऱ्या सात येऊन गेल्या. त्यायनं आमचं काय केलं? तुमी निदान फोन तरी लावला." मग हसणं थांबवून म्हणाले, "पन एक सांगतो. आता हे डीपी नाही बसली, तर लोक म्हनतीन, दाणी सरानंही आमाले पाहून नेलं. ते मातर वाईट होईन."

हे वाक्य मला हारापेक्षा जड गेलं.

शनिवार-रविवारचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. कॉलेज पाहिलं नाही. संध्याकाळी निवेदनं घेऊन तीन शिष्टमंडळं आली; त्यांतलं एक दुसऱ्याच समितीविरुद्ध होतं. मिरची भजी साहेबांनी खोक्यातून मागवली, ती गार होती. रविवारी दुपारी तिघंही गाडीला लागले. पुरुषोत्तम जाताना फक्त एवढंच म्हणाला, की त्या म्हाताऱ्याची खालची दाढ काढायला झाली आहे.

मंगळवारी नयन स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, बाबानं सांगतलं, डीपी बसली. मोटार चालू झाली."

त्या दिवशी मी शाळेत जरा वेगळाच चाललो. घंटा झाल्यावर पोरं वर्गात जात नव्हती तरी रागावलो नाही. घरी आल्यावर देवीलालजींना खुर्ची मीच दिली. ज्या माणसानं एका शब्दात डीपी बसवली, त्याच्या अंगणात खुर्च्यांना तोटा नसतो.

गुरुवारी सकाळी अंगणात खुर्च्या कमी पडल्या.

दार उघडलं तर दारात पंचवीस-तीस माणसं. पुढे एक म्हातारी, हातात पांढऱ्या बांगड्यांची जुनी चवड, कपाळापर्यंत ओढलेली ओढणी.

"दाणी मास्तर तुमीच का?"

"हो."

"मी सुखीबाई. कोळंबखेडच्या मांगं आमचा तांडा हाये. तुमच्या समितीनं आमची डीपी नेली."

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. वीज कंपनीकडे नवी डीपी नव्हती, किंवा असली तरी द्यायची नव्हती. पण मुख्य समितीचा फोन होता. म्हणून सोमवारी ट्रक तांड्यावर गेला, चालू डीपी खांबावरून उतरवली आणि नेऊन कोळंबखेडला चढवली. तांडा रस्त्यापासून आत आहे. तिथं कोणतीच पाहणी जात नाही. तांड्यावरच्या लोकांनी ट्रकवाल्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, दाणी साहेबांच्या पथकाचा आदेश आहे.

"आमचाही हरभरा फुलावर हाये," सुखीबाई म्हणाली आणि पायरीवर बसली. "कोळंबखेडवाल्यायशी आमचं भांडन नाही. त्यायलेही पाणी पाह्यजेच. पन आमची काहून नेली? आता तुमी आमच्याकडे समिती आना, नाहीतर मी इथून उठत नाही."

मी आत जाऊन नेमसिंगला फोन लावला. मला वाटलं तो हसेल. त्यानं न हसता सगळं ऐकलं.

"तांड्याची नेली?" तो म्हणाला.

"हो."

"मी लहान होतो तेव्हाही तेच व्हायचं बे. गावातलं काही मोडलं का तांड्याचं न्यायचं. मले वाटलं होतं, आता तसं नसते." मग म्हणाला, "आन मी तिथं हार घालून निशिगंध हुंगत बसलो होतो. उद्या येतो."

अनघाला त्यानंच कळवलं. पुरुषोत्तमाला मी कळवलं, तो येईल म्हणून नव्हे, कलमाची चौकशी करायला. तर शुक्रवारी तोही हजर! दवाखाना बंद ठेवून, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत हादरे खाऊन. "तुमच्याबरोबर मीही अडकणारच आहे," तो म्हणाला, "मग समोर बसून अडकतो."

या वेळी आम्ही ठरवून खरं बोलायला गेलो. वीज कंपनीच्या कार्यालयात आम्ही चौघं, रजनी, सुखीबाई, आणि कोळंबखेडहून रामरावही आले. ते का आले विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरात दुसऱ्याची डीपी हाये सर. झोप येत नाही."

साहेबांच्या खोलीत अनघानं सुरुवात केली. "आधी एक स्पष्ट करते. आम्ही समिती नाही. मागच्या शनिवारीही नव्हतो. हे शाळेत शिक्षक आहेत, हे दातांचे डॉक्टर, हे रंग विकतात. आम्ही कॉलेजचे मित्र आहोत. गप्पा मारायला भेटलो होतो."

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग उठून खोलीचं दार लावलं, शिपायाला थंड आणायला सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समजलं."

"काय समजलं?"

"मॅडम, माझी इतकी वर्षं सेवा झाली. जी पथकं 'आम्ही पथक आहो' म्हणून सांगतात, ती दुपारचं जेवून जातात. जे सांगत नाहीत..." त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "ते वरून आलेले असतात."

"अहो, खरंच सांगते आहे. मी ठाण्याला नोकरी करते." आणि पुरावा म्हणून अनघानं पर्समधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते वाचलं. कर खातं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले ते पुढे बसलेच नाहीत.

मी मध्ये पडलो. मी माझं पद सांगितलं, शाळा सांगितली, दारव्ह्याचा पत्ता सांगितला. साहेब प्रत्येक वाक्याला, 'किती तयारीनं आलेत' अशा कौतुकानं मान हलवत होते. दहा वर्षं मी खरा पर्यवेक्षक आहे आणि कोणी मला विचारत नाही. खोटा समजले तेव्हा पाठीला उशी मिळाली.

शेवटी रजनीच उठली. "आम्ही कोण ते राहू द्या," ती म्हणाली. "ही सुखीबाई खरी आहे नं? हिची डीपी तुम्ही नेली, हे खरं आहे नं? मग नवी डीपी आहे का नाही, तेवढं सांगा."

साहेबांनी घाम पुसला. "स्टोअरमध्ये एक आहे. मोठ्या दौऱ्यांसाठी राखून ठेवावी लागते मॅडम. दौऱ्यात लाइट गेली तर..."

"तर पाहुणे अंधारात बसतील," रजनी म्हणाली. "हरभरा बसू शकत नाही."

त्याच दुपारी ट्रक निघाला. मागून रामरावांनी बोलावलेल्या दोन जीप. या वेळी हार नव्हते, मंडप नव्हता, आणि रजनी पुढच्या सीटवर होती. तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लाइनमन खांबावर चढला. कोळंबखेडची पोरं दोर ओढायला आली होती, तांड्याची पोरं त्यांना कुठे धरायचं ते ओरडून सांगत होती, आणि दोन्हीकडची मिळून माझ्या शाळेची निम्मी बुडालेली होती. मी हजेरी घेतली नाही.

मोटार सुरू झाली तेव्हा आधी पाइपानं नुसताच खोकला काढला. मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. नेमसिंगनं बूट काढले, मोजे काढले, इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्याच्या सारणीत जाऊन उभा राहिला. सुखीबाईनं त्याच्या भाषेत त्याला काहीतरी विचारलं. तो "हो याडी", म्हणजे हो आई, म्हणाला आणि वाकून ओंजळीनं पाणी तोंडावर मारू लागला. काय विचारलं, ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

माझं काय झालं, ही काळजी तुम्हाला असेल. मला तर पुढचे दोन महिने होती. पण कारवाई झाली नाही. कशी होणार? मला जाब विचारायचा, तर आधी कोणाला तरी लिहून द्यावं लागलं असतं, की आपण एका दंतवैद्याला हार घालून, दोन गाड्यांच्या ताफ्यात दात पाहायला नेलं. तेवढ्या धैर्याचा माणूस त्या खात्यात नव्हता. उलट वर्षाअखेरीस जिल्ह्यात झालेल्या पाहण्यांची संख्या वर्तमानपत्रात आली, तिच्यात आमचीही धरली होती असं देवीलालजी छातीठोक सांगतात.

तांड्यावर डीपी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिघंही आमच्याकडे जेवायला थांबले. नळाला पाणी आलेलं नव्हतं. पुरुषोत्तमानं तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले आणि तक्रार केली नाही. रजनीनं तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि भाकरी केली होती. आता तरी जुन्या गोष्टी निघतील, प्रयोगशाळेतला तो स्फोट, प्राचार्यांची सायकल, असं मला वाटत होतं. एकही निघाली नाही. अनघा लाइनमनच्या तुटक्या शिडीबद्दल बोलत होती, पुरुषोत्तम कोळंबखेडच्या म्हाताऱ्याची दाढ त्यानं सकाळी कशी काढली ते हातवारे करून सांगत होता, रजनी मध्ये मध्ये दोघांना दुरुस्त करत होती. पंचवीस वर्षांपूर्वीचे आम्ही कोणाच्याच ध्यानात नव्हतो. मी ताटावरून त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला फार बरं वाटत होतं.

हात धुताना पुरुषोत्तम म्हणाला, "पुढच्या वेळी कुठं भेटायचं? महाबळेश्वर पाहू या का?"

"महाबळेश्वरले डीपी जळली काय?" नेमसिंग म्हणाला, आणि रजनीला म्हणाला, "वहिनी, तुमीच सांगा कोणतं गाव ते. आमी येऊ."